एक्केचाळीस नंबरचा वास

१

मंगळवारी सकाळी साडेआठला किल्लीदारांनी नमुन्यांचं कपाट उघडलं आणि बाटल्या पुन्हा एकदा मोजल्या. चाळीस नंबरची बाटली जागेवर होती, बेचाळीस नंबरची जागेवर होती, आणि मधे चार बोटं रुंदीची रिकामी जागा. कुलूप शाबूत, काच शाबूत, एक्केचाळीस नंबर गायब.

किल्लीदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या ताब्यात किल्ला नाही पण किल्ल्या आहेत, असं कुणीतरी थट्टेत म्हणालं आणि ते बावीस वर्षं चिकटलं. या बावीस वर्षांत कपाटातलं एक बूचसुद्धा हरवलं नव्हतं.

ते ज्या पेढीत होते ती दारू विकत नसे, जोखत असे. परदेशातून पिंपं मागवण्याआधी व्यापारी तिथे नमुना पाठवायचे. पेढी रंग बघायची, वास घ्यायची, चव घ्यायची, टिपण लिहायची आणि भाव सांगायची. टिपण लिहायचं काम नाकसाहेबांचं, आणि त्यावर डोळे मिटून सौदे होत. एक्केचाळीस नंबर म्हणजे अमेरिकेतल्या एका नव्या डिस्टिलरीची सिंगल माल्ट व्हिस्की. नुसत्या जवाची, नव्या जाळलेल्या ओकच्या पिंपात ठेवलेली, वय जेमतेम अडीच वर्षं. आणि भाव मागितला होता बारा वर्षांच्या माल्टचा! दोनशे पिंपांचा सौदा होता. खरेदीदार बुधवारी चारला टिपण ऐकायला येणार होता. दुसरी नमुना-बाटली वाटेतच फुटली होती, त्यामुळे जे काही होतं ते या एकाच बाटलीत होतं.

"आत्या, बरं झालं तू आज आलीस," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

आत्याबाई दर मंगळवारी यायच्याच. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि भाच्याच्या पेढीचं मासिक भावपत्रक छपाईला जाण्याआधी शेवटची नजर त्यांची असे. दहा हजार दारवा त्यांनी वाचल्या होत्या. प्यायली एकही नव्हती.

"किल्ल्या किती?" त्यांनी विचारलं.

"तीन. एक माझ्याकडे, एक किल्लीदारांकडे, एक नाकसाहेबांकडे. आता नाकसाहेबांचं नाव कोण घेणार? मी तर काल गावातच नव्हतो. राहिलं कोण?" मालकांनी आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी या मालाच्या दलालाने किल्लीदारांना जिन्यात एक पुडकं दिलं. पेढीच्या मोटारवाल्याने डोळ्यांनी बघितलं. उद्या चारपर्यंत बाटली आली नाही तर मी त्यांना घरी पाठवणार आहे. आज सांगून टाकलंय तसं."

"त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"ते मी का विचारू?"

आत्याबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. रिकाम्या जागेला अगदी खेटून पंचवीस वर्षांची एक बाटली होती, सील न फोडलेली. तिच्या किमतीत एक्केचाळीस नंबरच्या दहा आल्या असत्या. चोराचा हात तिला घासूनच गेला असणार.

"अरे, चोराला दारू नको होती आणि पैसाही नको होता," त्या म्हणाल्या. "मग त्याला हवं होतं तरी काय?"

२

किल्लीदार स्टुलावर बसले होते. समोरचा चहा तसाच गार झाला होता.

"काल सहाला कपाट लावलं. बाटली होती. मी स्वतः पुसून ठेवली. सोमवारी दुपारी नाकसाहेबांनी ती उघडली, एकदा चाखून बघितली, माझ्या हाती दिली. बास."

"आणि दलालाने काय दिलं?"

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "रंगपेटी. मुलीला. ती चित्रं काढते, तसले रंग इथे मिळत नाहीत. दलालाकडून सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही हा नियम आहे, मला ठाऊक आहे. चूक झाली. पण बाटली मी नाही घेतली, आत्याबाई. मुलीच्या गळ्याची शपथ घेऊन..."

"शपथ नको," त्या म्हणाल्या. "शपथेने माझं काम वाढतं."

दलाल बोलका माणूस. खिशाला फाउंटन पेन, बोटांना निळी शाई. "माझी बाटली मीच चोरीन? माझं डोकं फिरलंय का?"

"टिपण वाईट येईल अशी भीती असेल तर?"

"भीती आणि मला? आत्याबाई, त्या मुलखात उन्हाळा तापतो, हिवाळा गोठवतो. लाकूड दारूला नुसतं झोडपून काढतं. जे दुसरीकडे दहा वर्षांत होतं ते तिथे अडीच वर्षांत. वय नका विचारू, ग्लासला विचारा!"

पेढीच्या केमिस्टबाईंचं मत बरोबर उलट होतं. त्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होत्या; त्यांचीही बोटं कसल्याशा द्रावणाने निळी पडली होती. "लाकूड झोडपतं म्हणजे रंग चढतो, शहाणपण नाही. अडीच वर्षांच्या पोराला बारा वर्षांचा भाव म्हणजे उघड लूट. मी हे नाकसाहेबांच्या तोंडावर बोलले."

"आणि त्यांच्या खुर्चीवर तुमचा डोळा आहे म्हणतात."

"आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यासाठी बाटली का चोरू? मला तर ती हवी होती. रोज कपाट नऊला उघडतं. आज अल्कोहोल मोजायचा म्हणून मी लवकर मागितली, तेव्हा किल्लीदारांनी साडेआठला उघडलं. नाहीतर नऊपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता."

नाकसाहेबांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. त्यांचं नाक म्हणजे पेढीची पुण्याई. डोळे बांधून पिंपाचं लाकूड कुठल्या डोंगरावरचं ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. साठीला आलेले, एकटे, पांढराशुभ्र शर्ट, कॉलरला सुरीसारखी धार. आज त्यांनी चामडी बॅग मांडीवर धरली होती आणि बोलताना खाली ठेवली नाही.

"तुम्ही सोमवारी बाटली बघितली आहे," आत्याबाई म्हणाल्या. "मग टिपण लिहून का टाकत नाही? किल्लीदारांच्या गळ्याचा फास तरी सैल होईल."

"एकदा बघून मी भाव सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पोटी, घरी परत बघतो. इतकी वर्षं शिशी भरून न्यायचो. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या भाच्याने नियम काढला, नमुन्याचा थेंबही बाहेर जाणार नाही. शिश्यासुद्धा कुलपात घातल्या." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "सापडेल बाटली."

"आणि नाही सापडली तर? बावीस वर्षांचा माणूस जाईल."

नाकसाहेबांनी बॅग पोटाशी ओढली.

बुधवारी सकाळी नऊला आत्याबाईंचा फोन वाजला. पलीकडे केमिस्टबाई होत्या, आणि त्यांना धाप लागली होती.

"आत्याबाई, बाटली कपाटात आहे. आपल्या जागेवर. जणू कुठे गेलीच नव्हती!"

३

मालकांना आनंद व्हायला हवा होता. ते आणखीच भडकले. "बघितलंस? नोकरी जाणार म्हटल्यावर आणून ठेवली. म्हणजे त्यांनीच नेली होती!"

"किंवा आत दुसरंच काही भरलंय," दलाल ओरडला. "माझ्या मालाची वाट लावली कुणीतरी!"

केमिस्टबाईंनी तासाभरात निकाल दिला. सील फोडतानाच त्यांनी सोमवारी चमचाभर काढून ठेवली होती, तिच्याशी ताडून बघितलं. माल तोच. पाणी नाही, भेसळ नाही. फक्त बाटलीतली पातळी बोटभर खाली गेली होती.

"बोटभर," आत्याबाई पुटपुटल्या. "पिणारा इतक्यावर थांबत नाही. बिघडवणारा काहीतरी घालून जातो. नक्कल करणारा परत आणून ठेवत नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बाटली डोळ्यांजवळ नेली. छापखान्यातली सवय, एक टिंब चुकलं तरी नजर अडायची. लेबलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा फिकट निळा डाग होता. "हा सोमवारी होता?"

"नव्हता," किल्लीदार दारातूनच म्हणाले. "पुसताना दिसला असता."

सगळ्यांची नजर दलालाच्या बोटांवर गेली. तिथून केमिस्टबाईंच्या.

"माझ्याकडे काय बघता? तपासून घ्या," केमिस्टबाई म्हणाल्या. त्यांनी पात्याने डागाचा कण खरवडून काचेवर घेतला आणि पाण्याचा थेंब सोडला. निळा रंग पसरला नाही, भुकटीसारखा बसून राहिला. "शाई असती तर पसरली असती. माझं द्रावणही." मग त्यांनी आम्लाचा थेंब सोडला. निळेपणा बघता बघता नाहीसा झाला, आणि त्यांनी काच नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं. "सडक्या अंड्याचा वास. आत्याबाई, ही नीळ आहे. पांढऱ्या कपड्यांना देतात ती."

आत्याबाईंनी काच घेतली, हुंगली, खाली ठेवली. मग त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि खणातून दोन वर्षांची जुनी मुद्रितं काढली.

भावपत्रकात छापायच्या टिपणाला चार रकाने असत: रंग, वास, चव, शेवट. शेवट म्हणजे घोट खाली उतरल्यावर तोंडात जे मागे उरतं ते. दोन वर्षांपूर्वीचं नाकसाहेबांचं एक टिपण त्यांनी वाचलं. वास: कापलेलं गवत, नाशपातीची साल, जुनं खोगीर. शेवट: आधी जर्दाळू, मग तंबाखूचं पान, मग कितीतरी वेळ ओल्या दगडासारखं काहीतरी.

मग गेल्या महिन्याचं. वास: नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कापडाची ऊब, पेटीतून काढलेली लोकर, करपायच्या एक क्षण आधीची बाही, खळ. चव: गोड, तिखट, जरा कडू. शेवट: गरम, कोरडा.

त्यांनी त्याच्या आधीच्या महिन्याचं बघितलं. त्याच्याही आधीचं. चौदा महिने मागे जाईपर्यंत वासाचा रकाना काठोकाठ भरलेला, आणि चव व शेवट यांत तेच ते पाच-सहा शब्द आलटूनपालटून. गवत, खोगीर, नाशपाती कुठेच नाही. पंधराव्या महिन्यात गवत परत उगवलं.

हे सगळं त्यांच्याच नजरेखालून गेलं होतं. त्या ऱ्हस्वदीर्घ बघत बसल्या, आणि माणूस बदललेला त्यांना दिसला नाही.

आत्याबाई ताडकन उठल्या. मुद्रितं हातात घेऊन त्या व्हरांड्याच्या टोकाकडे निघाल्या, जवळजवळ धावतच.

४

नाकसाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. वासाला वारा नको म्हणून खिडक्या कायम लावलेल्या. ग्लास धुवायला गरम पाणी लागे, त्यासाठी कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी होती. आत्याबाईंनी दार ढकललं आणि पदर नाकाला लावला.

शेगडीवरचं पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती. किती वेळ झाला होता कोण जाणे. गॅसने खोली नुसती भरून गेली होती. आणि नाकसाहेब शेगडीपाशी वाकून, एका हातात काड्यापेटी, दुसऱ्यात काडी, पुन्हा पेटवायच्या तयारीत होते.

"काडी ओढू नका!"

ते दचकून वळले. काडी अजून बोटांत होती, पेटीला टेकलेली. आत्याबाईंनी दोन ढांगांत खोली ओलांडून त्यांचं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली ते त्यांनाही कळलं नाही. काड्यापेटी खाली पडली, काड्या फरशीवर विखुरल्या. त्यांनी शेगडीचा कान पिळला, खिडकी धक्क्याने उघडली, आणि चौकटीला धरून खोकत उभ्या राहिल्या.

नाकसाहेब त्यांच्याकडे बघत होते. भीतीने नव्हे, गोंधळून.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंना उत्तर द्यायची गरज उरली नाही. नाकसाहेबांच्या तोंडून तो प्रश्न निघाला आणि त्यांनाच तो ऐकू आला. ते हळूहळू खुर्चीत बसले.

"गॅस होता?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"खोलीभर."

५

"ताप आला होता," नाकसाहेब म्हणाले. "चौदा महिने झाले. ताप उतरला आणि वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. मी रोज सकाळी उठून साबण हुंगतो."

आत्याबाईंनी मुद्रितं त्यांच्यापुढे पसरली. "तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, म्हणून सापडलात. नाक चोंदलं की जेवण सपक लागतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. जिभेला उरतं काय? गोड, कडू, झोंबणं, ऊब. तुमच्या शेवटच्या दोन रकान्यांत तेवढंच आहे. वासाचा रकाना मात्र दुसऱ्या कुणीतरी भरलाय. खळ, इस्त्री, लोकर म्हणणारं माणूस. ते पीत नाही, नाहीतर शेवटही त्यानेच सांगितला असता."

"माझी ताई," नाकसाहेब म्हणाले. "लाँड्री आहे तिची. कपड्याला नुसतं नाक लावून डाग कशाचा ते सांगते."

"शिश्या कुलपात गेल्या, तेव्हा तुमची अडचण झाली. घरून आणलेली रिकामी बाटली चालली नसती, कारण ती आतून स्वच्छ आहे की तिला औषधाचा वास लागलाय हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून अख्खी बाटलीच नेलीत. सोमवारी संध्याकाळी नेली, मंगळवारी नऊच्या आत ठेवणार होता. पण कपाट साडेआठलाच उघडलं. काल मी इथे बसले होते तेव्हा ती तुमच्या मांडीवर होती."

नाकसाहेबांनी मान डोलावली.

"मला ते समजतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज कडक झाला. "काल अख्खा दिवस एक माणूस स्टुलावर बसून होता, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. ते नाही समजत. चारला सगळे जमतील. मी बोलणार नाही. तुम्ही बोला."

"आणि नाही बोललो तर?"

"तर मात्र मी बोलेन. पण मग ते तुमचं बोलणं होणार नाही."

लाँड्री दोन गल्ल्या सोडून होती. आत्याबाई तिथे पोचल्या तेव्हा ताई वाफेत उभी राहून चादर घडी करत होती. रुंद खांद्यांची, बोटांच्या पेरांत नीळ मुरलेली. आत्याबाईंनी कशासाठी आलो ते सांगितलं.

"बाटली माझ्या अंगठ्यानेच डागाळली म्हणायची," ताई म्हणाली. "मला दारूचा तिटकारा आहे, बाई. आमचे वडील त्यातच गेले. पण हा लहानपणापासून माझ्या मागे मागे हुंगत फिरायचा. त्याचं नाक गेलं तेव्हा रडला नाही, नुसता शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, ताई, हा धुतलेला आहे की मळलेला? मी काय करायला हवं होतं?"

"त्याने बाटली चोरून आणली हे ठाऊक होतं?"

"म्हणाला, साहेबांनी दिली."

"त्या बाटलीपायी एका माणसाची नोकरी चालली आहे. आज चारला."

ताईने चादर खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरची वाफ पुसली गेली तशी माया पण पुसली गेल्यासारखी वाटली. "हे त्याने मला सांगितलं नाही," ती म्हणाली आणि इस्त्रीची तार भिंतीतून ओढून काढली. "कुठे आहे ती पेढी?"

६

चारला लांब टेबलाभोवती सगळे बसले. खरेदीदार घड्याळ बघत होता. किल्लीदार दाराशी उभे होते, खिशात घडी केलेला राजीनामा. मालकांनीच तो दुपारी लिहून घेतला होता. ताई बाहेर व्हरांड्यात बाकावर होती. तिने भावाकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली होती.

नाकसाहेब उभे राहिले आणि नेहमीच्या भरदार आवाजात टिपण वाचू लागले.

"नमुना एक्केचाळीस. रंग: गडद मध. वास: तापलेलं नवं लाकूड. त्याच्याखाली मध. त्याच्याही खाली खळ, अजून शिजायची राहिलेली..."

दलालाच्या कपाळाला आठी पडली. केमिस्टबाई लिहून घेत होत्या. आत्याबाईंचे हात मांडीवर घट्ट आवळले गेले. नाकसाहेब वाचतच चालले होते. वासाचा रकाना संपला. चवीचा सुरू झाला. "गोड. तिखट." आता शेवट, आणि मग भाव, आणि मग सगळे उठतील.

नाकसाहेब थांबले. खरेदीदाराने मान वर केली.

"यातला वास माझा नाही," ते म्हणाले. "मला चौदा महिने वास येत नाही. वास बाहेर बसलेल्या माझ्या बहिणीने घेतला. त्यासाठी सोमवारी बाटली मी नेली, आज सकाळी मीच ठेवली. किल्लीदारांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. हे मी काल सांगायला हवं होतं. नाक जाईल म्हणून बोललो नाही. म्हणजे पेढीतलं नाक."

एकदम गलका झाला.

"धोबीणबाईने माझ्या मालाचा भाव ठरवला?" दलाल टेबलावर हात आपटत ओरडला.

"तिला आत बोलवा," केमिस्टबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही. पाठ फिरवून तीन ग्लास भरले आणि ताईपुढे मांडले. ताईने पदराला हात पुसले, एकेका ग्लासवर क्षणभरच वाकली.

"ही आणि ही एकच. पण दुसरीत पाणी घातलंय, लाकूड मागे गेलं आणि खळ वर आली. ही तिसरी वेगळी, पुष्कळ जुनी. हिच्यात काहीच घाई नाही."

केमिस्टबाईंनी ग्लासांच्या बुडाला लावलेल्या चिठ्ठ्या उलटल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"मग भाव काय?" खरेदीदाराने विचारलं. त्याला बाकीच्या भानगडीत रस नव्हता.

नाकसाहेबांनी बहिणीकडे बघितलं. तिने मान हलवली, कोरडेपणाने, पण हलवली.

"लाकडाने घाई केली, धान्य मागे राहिलं," ते म्हणाले. "वासावर जाल तर बारा वर्षांचा भाव द्याल आणि फसाल. जीभ सांगते की घोट गेला की पाठोपाठ सगळं जातं, उरते ती नुसती ऊब. पण वय ऐकून नाक मुरडाल तरीही फसाल. मध खरा आहे, रंगवलेला नाही. सात वर्षांच्या माल्टचा भाव द्या. एक पैसा जास्त नको, एक पैसा कमी नको. आणि शेवटाचा रकाना कुणा धड माणसाकडून पुन्हा भरून घ्या. तो माझ्याने भरत नाही."

केमिस्टबाईंनी ग्लास उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"शेवट तोकडा," त्या म्हणाल्या. "आधी भाजलेला जव, मग कच्चं लाकूड, मग संपलं. मी लूट म्हणाले होते ते मागे घेते. सात बरोबर आहे."

खरेदीदाराने दलालाकडे बघितलं, दलालाने छताकडे, आणि मग दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. मालकांनी किल्लीदारांच्या खिशातला कागद स्वतः काढून घेऊन फाडला. ते माफी मागू लागले, तर किल्लीदारांनी मान खाली घातली.

नाकसाहेब त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मला क्षमा करा."

"साहेब," किल्लीदार म्हणाले, "काल रात्री घरी मी काय सांगितलं असेल, ते कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना वाटतं मीच नेली. बायकोलासुद्धा. मुलीने रंगपेटी परत करून टाकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकसाहेब एकटेच निघाले होते. आत्याबाई कोपऱ्यावर भेटल्या आणि काही न विचारता बरोबर चालू लागल्या. किल्लीदारांच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटलेली, दारं सगळी उघडी, कुणी भाजी निवडतंय, कुणी पायरीवर दात घासतंय. आत्याबाई चार पावलं मागे थांबल्या.

दार किल्लीदारांच्या बायकोने उघडलं. आत या म्हणाली नाही. नाकसाहेबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. बाटली कुणी नेली, का नेली, आणि कोण अख्खा दिवस गप्प बसलं. ते एका दमात बोलले आणि थांबले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या बाजूला सरकल्या. मागे अंधाऱ्या खोलीत खाटेवर एक म्हातारी बसली होती, आणि तिच्या पायाशी एक मुलगी.

"हे परत सांगा," बाई म्हणाल्या. "सासूबाईंना कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने."

शेजारच्या पायरीवर दात घासणाऱ्याचा हात थांबला. समोरची भाजीची सुरीही थांबली. नाकसाहेबांनी एकदा मागे वळून आत्याबाईंकडे बघितलं.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि पहिल्यापासून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पुन्हा सांगायला सुरुवात केली.